बाळसं समजली गेलेली गाठ: लिम्फॅन्जिओमाचं एक प्रकरण

आली तेव्हा

वय १४ महिने, वजन ९ किलो. मानेच्या डाव्या बाजूला गाठ, तीन दिवसांत दुपटीहून मोठी झालेली. ताप १०१. गाठीवर बिब्ब्याने भाजल्याची काळी खूण. केसपेपरच्या पहिल्या ओळींत एवढं लिहून झालं आणि मग खरी हकिगत सुरू झाली. मुलीची ओळख पटेल असं काही इथे देत नाही. आजाराचे तपशील मात्र ठेवले आहेत, कारण लिम्फॅन्जिओमा या पाण्याने भरलेल्या जन्मजात गाठीत फसगत होते ती तपशिलातच.

वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर. मूळ गाव मंगळवेढा तालुक्यातलं. तिथे थोडी कोरडवाहू ज्वारी आणि आजी. दिवस जानेवारीचे होते. आजी गड्ड्याच्या यात्रेसाठी सोलापुरात आलेली, घरात सगळ्यांनाच सर्दी-खोकला, त्यात ही पण. तिसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ घालताना आईच्या हाताला गाठ टणक लागली.

"साहेब, काल एवढी नव्हती. रात्रीत वाढूलाली बघा," वडील रातपाळीवरून थेट आले होते.

"एवढी नव्हती" म्हणजे आधी थोडी होती. या एका वाक्याच्या मागे लागलो, तेव्हा बाकीचं बाहेर आलं. जन्मल्यापासूनच त्या बाजूची मान जरा भरलेली वाटायची. घरात सगळे म्हणायचे, पोरीने बाळसं धरलंय. पण दुसऱ्या बाजूला तसं भरलेलं नव्हतं, हे आईच्या लक्षात आलं होतं. तिने ते एकदा बोलूनही दाखवलं, तर "दृष्ट लावू नको" म्हणून तिलाच गप्प केलं. पुढे नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस द्यायला गेले, तेव्हा लस देणाऱ्या सिस्टरने मानेवर बोट दाबून पाहिलं आणि "हे डॉक्टरांना दाखवा" असं सांगितलं. या सगळ्या कहाणीत पहिली नीट नजर त्या सिस्टरची.

त्यानंतर दाखवलंही. पहिल्या ठिकाणी गाठीत सुई घालून पिवळसर पाणी काढलं, गाठ बसली, सगळे खूश. दोन-तीन दिवसांत ती पुन्हा पूर्वीएवढी. दुसऱ्या ठिकाणी सोनोग्राफी न करताच "गंडमाळ असेल, टीबीच्या गोळ्या सुरू करू" असा सल्ला मिळाला. वडिलांनी त्या सुरू केल्या नाहीत. कारण काय, तर आमच्या घरात कुणाला टीबी नाही. हे कारण काही खरं नव्हे, टीबी घराबाहेरूनही येतो. पण या वेळी मुलीचं नशीब बलवत्तर. यानंतर काही महिने कुणी काही केलं नाही, कारण गाठ दुखत नव्हती आणि मूल खात-खेळत होतं. आता ती अचानक फुगली तेव्हा आजीने बिब्बा गरम करून लावला. आजीवर रागावण्यात अर्थ नव्हता. तिच्या गावात सुजेवर पिढ्यानपिढ्या हेच केलं जातं, आणि मोठ्या माणसाच्या राठ कातडीला ते एखादे वेळी सोसतंही. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात. वर्षाच्या बाळाच्या ताणलेल्या, पातळ कातडीवर तर ती जंतूंसाठी उघडी वाटच झाली.

हाताला काय लागलं

गाठ साधारण सात सेंटिमीटर लांब, पाच रुंद. मान वळवल्यावर जो तिरका स्नायू ठळक दिसतो, त्याच्या मागच्या बाजूला, खाली कॉलरबोनपर्यंत. वरची कातडी किंचित निळसर. भाजलेल्या जागेभोवती लाली. दाबलं की मूल कळवळत होतं.

अशा गाठीत सगळ्यात आधी गाठ बघायची नसते, श्वास बघायचा असतो. मूल रडताना आणि झोपताना घरघर होते का, लाळ गळते का, दूध पिताना अडखळतं का, जिभेखाली किंवा जिभेवर काही फुगवटा आहे का, श्वासनलिका मधोमध आहे की ढकलली गेली आहे. हिचं तोंड स्वच्छ, जीभ साधी, आवाज खणखणीत. खणखणीत म्हणजे ओपीडीतली बाकीची मुलंही रडायला लागली. हे कळलं की डॉक्टरचाही जीव खाली पडतो. मग सावकाश विचार करायला वेळ मिळतो.

या गाठीची एक जुनी आणि फुकटातली परीक्षा आहे. खोलीत अंधार करायचा आणि टॉर्च गाठीच्या एका बाजूला टेकवायची. आत स्वच्छ पाणी असेल तर अख्खी गाठ आतून लालसर उजळते. टीबीची गाठ, पू, यांतलं काही असं उजळत नाही. आम्ही पडदे ओढले, टॉर्च लावली. गाठ उजळली नाही. वरच्या एका टोकाला थोडा प्रकाश आला, बाकी काळोख.

इथे घाईने "पाणी नाही, म्हणजे ती ही गाठ नव्हे" असं म्हणता आलं असतं. पण आधी सुईने पिवळं पाणी निघालेलं होतं, आणि आता तीन दिवसांत गाठ दुप्पट, निळसर आणि टणक झालेली होती. पाण्याने भरलेल्या पिशवीत रक्त उतरलं तर ती अशीच दिसते, आणि रक्तातून टॉर्चचा प्रकाश जात नाही.

त्याच दिवशी सोनोग्राफी आणि रक्ताचा प्रवाह दाखवणारं कलर डॉपलर झालं. पडद्यावर एक पोकळी नव्हती, अनेक होत्या, मध्ये पातळ पडदे. डाळिंब फोडल्यावर आतले कप्पे दिसतात तशी रचना, फक्त दाण्यांच्या जागी पाणी. वरच्या दोन कप्प्यांत पाणी काळंभोर, म्हणजे स्वच्छ. खालच्या मोठ्या कप्प्यांत तरंगणारे बारीक ठिपके, म्हणजे रक्त मिसळलेलं. कप्प्यांच्या आत रक्ताचा प्रवाह कुठेच नाही, पडद्यांमध्ये तेवढ्या बारीक रक्तवाहिन्या. टीबीच्या गाठी भरीव असतात, एकमेकींना चिकटून गठ्ठा करतात, मधे सडतात. त्यातलं इथे काहीच नव्हतं. छातीचा एक्स-रे काढला, कारण मानेतली ही गाठ सुमारे १० टक्के मुलांत खाली छातीत उतरलेली असते. हिची उतरलेली नव्हती.

निदान लिहिलं: लिम्फॅटिक मालफॉर्मेशन, मोठ्या कप्प्यांचं, आत रक्तस्राव आणि वरून जंतुसंसर्ग. वेगवेगळ्या रिपोर्टांवर लोकांना लिम्फॅन्जिओमा, सिस्टिक हायग्रोमा आणि लिम्फॅटिक मालफॉर्मेशन अशी तीन नावं दिसतात आणि तीन आजार झाल्यासारखं वाटतं. मानेतल्या अशा गाठीपुरती ती तिन्ही एकाच गोष्टीची आहेत.

ही गाठ होते कशी

रक्तवाहिन्यांतून सतत थोडं पाणी आणि प्रथिनं पाझरून मांसात उतरतात. ते गोळा करून परत रक्तात आणून सोडायला शरीरात नळ्यांचं दुसरं जाळं आहे, त्या लसीकावाहिन्या. मोठ्या माणसात त्यांच्यातून दिवसाला २ ते ४ लिटर द्रव असा परत येतो. हे जाळं गर्भात सहाव्या आठवड्याच्या आसपास तयार व्हायला लागतं, आणि त्याची सुरुवात मानेतच होते, मोठ्या शिरांच्या शेजारी. शरीराच्या बहुतेक भागाचा हा द्रव अखेर मानेच्या मुळाशी डाव्या बाजूलाच शिरेत येऊन पडतो. या बांधणीच्या काळात नळ्यांचा एखादा भाग मुख्य वाटेला जोडला जात नाही, आंधळाच राहतो आणि पाणी साठून फुगतो. म्हणूनच यांपैकी साधारण तीन-चतुर्थांश गाठी डोकं-मान भागात सापडतात, त्याखालोखाल काखेत. निम्म्या जन्मताच दिसतात, आणि दोन वर्षांच्या आत जवळपास ९० टक्के दिसून येतात.

ही वाढत्या पेशींची गाठ नाही आणि कॅन्सर तर नाहीच. बांधकामातला दोष आहे. १९८२ मध्ये मुलिकन आणि ग्लोवाकी या दोघांनी लहान मुलांतल्या रक्तवाहिन्यांच्या गाठी दोन गटांत वेगळ्या केल्या: ज्यात पेशी खरोखर वाढतात त्या एका गटात, आणि ज्यात रचनाच चुकलेली असते त्या दुसऱ्या. आजचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण त्यावरच उभं आहे. हा भेद नुसता पुस्तकी नाही. पहिल्या गटातला हेमॅन्जिओमा, म्हणजे बाळाच्या अंगावरची लालभडक स्ट्रॉबेरीची खूण, काही महिने वाढतो आणि मग वर्षानुवर्षं आपोआप विरत जातो. गरज पडली तर प्रोप्रॅनोलॉलने विरतो. लिम्फॅटिक मालफॉर्मेशनवर प्रोप्रॅनोलॉलचा भरवसा नाही. मोठ्या कप्प्यांची गाठ क्वचित एखाद्या संसर्गानंतर स्वतःहून बसते, पण एरवी ती मुलाबरोबर मोठी होत राहते. शेजारणीच्या नातवाची "अशीच गाठ" औषधाने गेली असं कुणी सांगितलं, तर ती बहुधा दुसऱ्या जातीची असते.

सर्दी झाली की ही फुगते, कारण नाक-घशातल्या संसर्गाने लसीकावाहिन्यांतला प्रवाह आणि सूज दोन्ही वाढतात, आणि ह्या पिशवीला निचरा नाही. कधी आतल्या पडद्यातली बारीक रक्तवाहिनी फुटते. म्हणून गाठ एका रात्रीत मोठी झाली, तर ती "पसरली" असं नसतं. ही भीती पालकांना सर्वांत जास्त असते आणि तिच्याचपोटी घाईची ऑपरेशनं होतात.

आईचा प्रश्न

रिपोर्ट समजावून सांगत होतो तेव्हा वडील खर्चाचं विचारत होते, आजी कापण्याचं. आई काहीच बोलत नव्हती. बाकीचे औषधं आणायला खाली गेल्यावर तिने विचारलं, "सर, मी पोटुशी असताना ग्रहणात विळी धरली होती. त्यामुळं झालं का हो?"

घरात हे तिला कितीदा ऐकवलं गेलं असेल, ते तिच्या विचारण्यावरूनच कळत होतं. मी मुद्दाम सगळे परत येईपर्यंत थांबलो आणि उत्तर सगळ्यांसमोर दिलं. २०१५ च्या सुमारास या गाठींच्या पेशींत पीआयके३सीए नावाच्या जनुकात बदल सापडला. हे जनुक पेशीला "वाढ, पसर" असा निरोप देणाऱ्या साखळीतलं आहे. तो निरोप बंद होत नाही आणि नळ्यांची बांधणी बिघडते. यातला महत्त्वाचा भाग असा की हा बदल गर्भ तयार होताना मानेच्या त्या थोड्या पेशींतच होतो. तो आईच्या बीजात नसतो, बापाच्याही नसतो, मुलीच्या बाकीच्या शरीरातही नसतो. विळी, ग्रहण, पपई, जिना चढणं, कशाचाच संबंध नाही. आणि पुढच्या बाळाला ही गाठ होण्याची भीती इतरांपेक्षा जास्त नाही.

इथे एक गोष्ट वेगळी ठेवावी लागते. गरोदरपणात ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागे मोठी पाण्याची पिशवी दिसली, तर तिलाही रिपोर्टवर सिस्टिक हायग्रोमाच म्हणतात. पण ते प्रकरण निराळं. त्यात टर्नर, डाऊन यांसारखे गुणसूत्रांचे दोष बऱ्याचदा असतात आणि पुढच्या तपासण्या लागतात. इंटरनेटवर शोधणारे पालक नेमके त्या पानांवर जातात आणि हसत्या-खेळत्या मुलाबद्दल नको ते वाचून येतात. या वडिलांचंही तेच झालं होतं; रात्री मागाजवळ उभं राहून त्यांनी मोबाईलवर "वाचण्याची शक्यता" वाचली होती.

आजी ऐकत होती. शेवटी सुनेकडे न बघताच म्हणाली, "मंग गिराणाचं काय नाय म्हनायचं." एवढं पुरे होतं.

कापायचं की नाही

आधी आग विझवली. दहा दिवस ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट, तापाचं आणि दुखण्याचं औषध, भाजलेल्या जागेला मलमपट्टी. गाठीला सुई लावली नाही. पाचव्या दिवशी ताप गेला, तिसऱ्या आठवड्यापर्यंत गाठ निम्म्याहून कमी झाली आणि पुन्हा मऊ पडली. तेव्हा परत पडदे ओढून टॉर्च लावली. या वेळी ती खालपासून वरपर्यंत उजळली. वडिलांनी फोनवर त्याचा फोटो काढला. गावी दाखवायला हवा म्हणाले.

मग एमआरआय. चौदा-पंधरा महिन्यांचं मूल एमआरआयच्या नळीत स्वतःहून स्थिर पडत नाही. उपाशी ठेवून, भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली गुंगी द्यावी लागते. खर्चही सोनोग्राफीच्या कैक पट. तरी तो का, असा प्रश्न वडिलांनी विचारला आणि तो रास्तच होता. सोनोग्राफीत कप्पे दिसतात, पण गाठ किती खोल गेली आहे, मोठ्या रक्तवाहिन्यांना कुठे वेढते, जिभेच्या बुडाशी पोचली आहे का, हे एमआरआयइतकं नीट दुसऱ्या कशात दिसत नाही. आणि उपचाराचा सगळा निर्णय या खोलीवरच ठरतो. रिपोर्ट आला: गाठ मानेच्या खालच्या भागातच, एका बाजूला, छातीत नाही, जबड्याखाली नाही. पण आतला एक कप्पा मानेतली मोठी धमनी, मोठी शीर आणि व्हेगस नस (म्हणजे मज्जातंतू, रक्तवाहिनी नव्हे) या तिघींच्या शेजारी शिरलेला. काही कप्प्यांत वर हलका द्रव आणि खाली जुनं रक्त असे दोन थर.

पुढे घरात खल झाला. आजोबांचं मत सरळ होतं, एकदाच कापून टाका, कटकट मिटेल. मुंबईच्या एका नातलगाने सांगितलं, ऑपरेशनशिवाय पर्याय नाही. वडील हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला एक मत घेऊन आले. ते आमच्यापेक्षा वेगळं निघालं नाही.

ऑपरेशन हा खोटा उपाय नव्हे. बरीच वर्षं तोच मुख्य होता आणि आजही काही गाठींना तोच योग्य. अडचण अशी की या पिशव्यांना स्वतःची टणक भिंत नसते. त्या नसा-वाहिन्यांच्या मधल्या फटींत घुसतात, आणि कातरीला गाठ कुठे संपली आणि नस कुठे सुरू झाली ते सहज कळत नाही. या जागी खांदा उचलणारी नस असते. ती दुखावली तर हात डोक्यावर नेणं अवघड होतं. जबड्याखालच्या गाठीत खालचा ओठ हलवणारी नस धोक्यात येते. सगळं निघालं तर उत्तम, पण थोडं राहिलं तर गाठ परत येण्याची शक्यता बरीच असते, आणि दुसऱ्या वेळचं ऑपरेशन व्रणातून करावं लागतं. कॅन्सर नसलेल्या गाठीसाठी मुलीचा खांदा पणाला लावायचा का, हा माझ्या मते खरा प्रश्न. माझं उत्तर, दुसरा चांगला मार्ग असेल तर नाही.

तो मार्ग कुणाला लागू पडतो हे कप्प्यांच्या आकारावर ठरतं. मोठे, म्हणजे साधारण एक-दोन सेंटिमीटरच्या वरचे कप्पे असतील, तर आतलं पाणी काढून त्यात औषध भरता येतं. औषधाने आतलं अस्तर सुजतं, भिंती एकमेकींना चिकटतात आणि पोकळीच उरत नाही. नुसतं पाणी काढून गाठ का भरली, याचं उत्तरही इथेच आहे: अस्तर जिवंत होतं. कप्पे अगदी बारीक असतील, विशेषतः जिभेत आणि तोंडाच्या तळाशी, तर औषध पसरत नाही आणि निकाल तितका चांगला येत नाही. अशा आणि अवाढव्य पसरलेल्या गाठींसाठी आता सिरोलिमस हे तोंडी औषध आहे. ते वर सांगितलेल्या निरोपाच्या साखळीवरच पुढच्या टप्प्यात काम करतं. पण त्याने प्रतिकारशक्ती दबते, रक्तातली पातळी वारंवार मोजावी लागते आणि औषध महिनोन् महिने चालतं. या मुलीला त्याची गरज नव्हती.

औषध भरण्याच्या उपचाराला स्क्लेरोथेरपी म्हणतात. १९८७ मध्ये जपानमधल्या ओगिता यांनी ओके-४३२ नावाचं औषध या गाठींत वापरून दाखवलं आणि जगभर त्याला चालना मिळाली. ते आपल्याकडे सहज मिळत नाही. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ब्लिओमायसिन वापरतात, काही ठिकाणी डॉक्सिसायक्लिन किंवा सोडियम टेट्राडेसिल. ब्लिओमायसिन मुळात कॅन्सरचं औषध. त्यामुळे मेडिकलवाल्याने चिठ्ठी बघून वडिलांना विचारलं, "कुणाला कॅन्सर आहे?" ते हातापायातलं बळ गेल्यासारखे वर आले. हे आम्ही आता चिठ्ठी देतानाच सांगतो.

सुईचे तीन दिवस

उपचार सोलापुरातच झाला: बालशल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ आणि सोनोग्राफी करणारे रेडिओलॉजिस्ट, तिघे एका टेबलाभोवती. एकूण तीन वेळा, मध्ये सहा-सहा आठवडे.

पहिल्या वेळी मी शेजारी उभा होतो. मूल झोपल्यावर भूलतज्ज्ञांनी ईसीजीच्या चिकटपट्ट्या जपून, कमीत कमी लावल्या. कारण ब्लिओमायसिन दिल्यावर दोन दिवसांत कातडी जिथे चिकटपट्टीने ओढली जाते किंवा खाजवली जाते, तिथे तपकिरी डाग पडतात आणि ते महिनोन् महिने राहतात. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बारीक सुई एका कप्प्यात गेली. पहिल्या कप्प्यातून वाळल्या गवताच्या काडीच्या रंगाचं पाणी आलं, मोठ्या कप्प्यातून गडद तपकिरी, जुन्या रक्ताचं. ते तपासणीला पाठवलं. त्यात लिम्फोसाइट, म्हणजे लसीकेतल्या पांढऱ्या पेशी निघाल्या, टीबीचे जंतू नाहीत. प्रत्येक कप्पा रिकामा करून त्यात त्याच्या वाट्याचं औषध. डोस किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे साडेचार मिलिग्रॅम. धमनीला लागून असलेला कप्पा सोडून दिला. तो एवढासा होता आणि त्यासाठी सुई तिथे नेणं कुणालाच पटलं नाही.

ब्लिओमायसिनची खरी भीती फुप्फुसांची. मोठ्या डोसाने फुप्फुसं राठ होतात. म्हणून आयुष्यभराची एकूण मात्रा किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. हिची तीन वेळची मिळून दीड झाली. दर वेळी आधी छातीचा एक्स-रे आणि रक्ततपासणी झाली.

घरी पाठवताना सर्वांत जास्त वेळ एकच गोष्ट सांगण्यात गेला. पहिले काही दिवस गाठ मोठी दिसेल, टणक लागेल, ताप येईल. ते औषध काम करत असल्याचं लक्षण. हे न सांगता घरी पाठवलेली कुटुंबं दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दवाखान्यात जातात आणि तिथे कुणीतरी गाठीला चीर देतं. उलट घरघर लागली, लाळ गळू लागली, मूल दूध घेईना, मान एका बाजूला धरून बसलं किंवा कातडी लाल-गरम झाली, तर रात्र असो की पहाट, थेट मोठ्या हॉस्पिटलच्या अपघात विभागात. हे आम्ही मराठीत एका कागदावर लिहून दिलं आणि आजीला वाचून दाखवलं, कारण दिवसभर मूल तिच्यापाशी असायचं.

पहिल्या वेळेनंतर गाठ सुजली आणि मग हळूहळू निम्म्यावर आली. दुसऱ्या वेळेनंतर फार फरक पडला नाही आणि घरात पुन्हा कापण्याची भाषा सुरू झाली. स्क्लेरोथेरपीचा निकाल आठवड्यांत नव्हे, महिन्यांत मोजायचा असतो. हे आधी सांगितलेलं असलं तरी मधल्या काळात धीर सुटतोच. तिसऱ्या वेळेच्या आधी मुलीला पुन्हा सर्दी झाली आणि गाठ थोडी फुगली. या वेळी आईने ताप मोजला, श्वास ऐकला, कागद काढून पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला ओपीडीत आली. बिब्बा नाही, सुई नाही. आठवड्यात गाठ बसली.

पैशांचं थोडक्यात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ते ठरवून दिलेल्या उपचारांसाठी आणि ठरलेल्या रुग्णालयांत. म्हणून दाखल होण्याआधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि रिपोर्ट दाखवून, आपला उपचार यादीत आहे का ते विचारून घ्यावं. दाखल झाल्यावर विचारलं तर उशीर झालेला असतो. अंगणवाडी आणि शाळेत तपासणीला येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथकही अशा मुलांना पुढे पाठवू शकतं, आणि ती वाट फुकट आहे.

आता

शेवटच्या इंजेक्शनला सहा महिने झाले तेव्हा सोनोग्राफी केली. मोठे कप्पे मिटलेले, त्या जागी पातळ पांढरी पट्टी. धमनीजवळचा तो एक छोटा कप्पा तसाच आहे आणि आम्ही त्याला हात लावणार नाही. मान दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी दिसते. हात डोक्यावर नीट जातो. बिब्ब्याची खूण गाठीपेक्षा ठळक आहे. ती फिकी होईल, पूर्ण जाणार नाही. पुढची सोनोग्राफी वर्षाने, आणि मध्ये सर्दीबरोबर फुगली तर लगेच. वयात येताना अशा उरलेल्या कप्प्यांनी पुन्हा डोकं वर काढल्याची उदाहरणं आहेत, म्हणून फाईल बंद करत नाही. लसी सगळ्या वेळेवर द्यायच्या.

फाईलच्या पहिल्या पानावर ब्लिओमायसिनचं नाव, तिन्ही तारखा आणि एकूण मात्रा लाल शाईने लिहून दिली आहे. त्याखाली एक सूचना: पुढे कधीही, अगदी अपेंडिक्ससाठी का होईना, भूल द्यायची वेळ आली तर हे पान भूलतज्ज्ञांना दाखवावं, कारण हे औषध घेतलेल्या माणसाला गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन देताना ते फुप्फुसांचा विचार करतील. वडिलांनी त्या पानाचे फोटो काढून एक गावी पाठवला आणि एक कारखान्यातल्या लॉकरच्या दाराला आतून चिकटवला.